कोऱ्या कॉलममधून उगवलेल्या पोपटी कॉलन्या

प्लाझ्मिड (जिवाणूतला छोटा, गोल डीएनए) काढायचे अडीचशे कॉलम (डीएनए धरून ठेवणाऱ्या सिलिकाच्या छोट्या नळ्या) निम्म्या किमतीत मिळाले, त्या दिवशी लॅबला चहा मी पाजला होता. ग्रँटचा हप्ता अडकलेला, सर म्हणाले होते, "बघ कुठे स्वस्तात मिळतात का," आणि नेमका एक डीलर दारात. "मॅडम, माल ओरिजिनल. बाहेरचा खोका दबला म्हणून कंपनीने काढला." कॉलम साध्या झिपच्या पिशवीत. लॉट नंबर नाही. बिलावर "प्लास्टिकवेअर, 1 पाकीट". हे सगळं तेव्हाच दिसत होतं, हे आधीच कबूल करते.

5 मिली ओव्हरनाइट कल्चर (रात्रभर वाढवलेले जिवाणू), हाय कॉपी प्लाझ्मिड (एका पेशीत पुष्कळ प्रती असणारं). जुन्या किटने 10 मायक्रोग्रॅम सहज यायचे, आता जेमतेम 3. अशा वेळी पहिला संशय आपल्याच हातावर. लायसिस, म्हणजे जिवाणू फोडण्याची पायरी, 5 मिनिटांच्या वर नेऊ नये हे पाठ असूनही मी 10 मिनिटं ठेवून पाहिलं. सोडियम हायड्रॉक्साइडने प्लाझ्मिडचे धागे असे उलगडले की परत जुळले नाहीत. डीएनए आकारानुसार वेगळा करणाऱ्या जेलवर त्याचा बँड पुढे पळाला आणि एन्झाइम त्याला कापेना. कल्चर दुप्पट घेतलं, तर लायसेट (फुटलेल्या जिवाणूंचा रस) चिकट झाला. इल्यूशन बफर (कॉलमवरचा डीएनए सोडवणारं द्रावण) 50 अंशांवर गरम करून मिनिटभर कॉलमवर थांबवला, त्याने थोडं वाढलं, तेवढ्यावरच खूश. कॉलम धुण्याच्या वॉश बफरमध्ये इथेनॉल घातल्याची खूण बाटलीवर तीनदा पाहिली. यात दोन महिने गेले.

मग एकदा तेच प्लाझ्मिड परत ट्रान्सफॉर्म केलं, म्हणजे जिवाणूंत घातलं. अँपिसिलिनच्या प्लेटवर (तिथे प्लाझ्मिड मिळालेले जिवाणूच वाढतात) शेकडो पांढऱ्या कॉलन्या, त्यात 3 पोपटी. यूव्हीखाली धरल्या तर लख्ख हिरव्या. जीएफपी, हिरवं चमकणारं प्रथिन! आमच्या लॅबमध्ये ते कोणीच वापरत नाही.

त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी पिशवीतला एक कोरा कॉलम घेतला, त्यात ना कल्चर ना लायसेट, नुसता 50 मायक्रोलिटर इल्यूशन बफर घालून फिरवला आणि खाली आलेलं पाणी कॉम्पिटंट सेल्सना (बाहेरचा डीएनए आत घ्यायला तयार केलेल्या जिवाणूंना) दिलं. सोबत बाटलीतल्या बफरची वेगळी प्लेट लावली, ती दुसऱ्या दिवशीही स्वच्छ होती. कॉलमवाल्या प्लेटवर 17 कॉलन्या, 5 पोपटी.

कॉलम वापरलेले होते. ग्वानिडिनसारख्या क्षारात सिलिकावर डीएनए बसतो आणि कमी क्षाराच्या बफरमध्ये सुटतो, पण एका इल्यूशनमध्ये सगळा सुटत नाही. नुसत्या पाण्याने विसळून वाळवला तरी थोडा चिकटून राहतो, आणि चांगल्या कॉम्पिटंट सेल्सना पिकोग्रॅमभरही पुरतो. काटकसरीने कॉलम पुन्हा वापरणाऱ्या लॅब आहेत, पण त्या ते 1 मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात दिवसभर भिजवतात, म्हणजे उरलेला डीएनए मोडून पडतो. आमच्या महाशयांनी आम्लाचाही खर्च वाचवला होता.

फोन केला. "मॅडम, मी प्लास्टिकवेअर विकलंय, बिल बघा ना." खरंच होतं. तक्रार कशाच्या जोरावर करणार?

आता लॉट नंबर बिलावर आल्याशिवाय सर सही करत नाहीत. नवं पाकीट फोडलं की पहिला कॉलम नुसत्या बफरने फिरवून त्याची प्लेट लावायची, ती रिकामी आली तरच बाकीचे वापरायचे. रोजच्या मिनीप्रेपला (थोड्या कल्चरमधून प्लाझ्मिड काढायला) तर मी कॉलम सोडलेच. लायसिसची तिन्ही द्रावणं लॅबमध्येच बनवते आणि आयसोप्रोपॅनॉलने डीएनए खाली बसवते. कापून बघण्यापुरता तो चांगला येतो.