क्लोनझिला: जुनी विंडोज नव्या एसएसडीवर नेताना काय जमतं, कुठे अडतं

हार्ड डिस्कवरची विंडोज सगळ्या सॉफ्टवेअरसकट, जशीच्या तशी एसएसडीवर न्यायची म्हटलं की क्लोनझिला या डिस्कची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरचं नाव कुणी ना कुणी सुचवतंच. तैवानच्या नॅशनल सेंटर फॉर हाय-परफॉर्मन्स कॉम्प्युटिंग या संस्थेत ते तयार झालं. फुकट आहे, खातं उघडायला लावत नाही, जाहिराती दाखवत नाही. चालतं मात्र विंडोजच्या आत नव्हे, तर पेनड्राइव्हवरून, स्वतःच्या छोट्या लिनक्ससकट. स्वभाव सरकारी कचेरीतल्या मुरलेल्या कारकुनाचा: एक कागद कमी असला तर फाइल जागची हलणार नाही, पण एकदा हलली की काम चोख.

नक्कल करण्याच्या कामात त्याला नावं ठेवायला जागा नाही. एनटीएफएस, म्हणजे विंडोजची डिस्कवर फाइल मांडायची पद्धत, ओळखून ते फक्त भरलेले ब्लॉक उचलतं, म्हणजे १ टीबीच्या डिस्कवर १५० जीबी भरलेलं असेल तर १५० जीबीच वाचतं. लोक अडकतात ते नक्कल करण्याच्या आधी आणि नंतर, आणि तिथे क्लोनझिला तुमचा हात धरत नाही.

पहिली ठेच मापाची. क्लोनझिलाचा साधा नियम असा की नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी हवी. आत माल किती आहे हे ते बघत नाही, पार्टिशनची, म्हणजे डिस्कवर पाडलेल्या भागांची, हद्द कुठपर्यंत आहे ते बघतं. लॅपटॉपसोबत आलेली ५१२ जीबीची एसएसडी आणि दुकानातून आणलेली ५०० जीबीची, बोलण्यात दोन्ही 'पाचशेच्या'. विंडोजच्या हिशेबात मात्र पहिली ४७६ आणि दुसरी ४६५ जीबी दिसते. हा अकरा जीबीचा फरक पुरेसा आहे: जुन्या डिस्कवर नव्वदच जीबी भरलेले असले तरी क्लोनझिला नकार देणार. ४८० जीबीच्या स्वस्त साटा (जुन्या, धिम्या जोडणीच्या) एसएसडीचं तर आणखी वाईट, ती ४४७ भरते. खरेदीला जाण्याआधी डिस्क मॅनेजमेंट उघडून जुन्या डिस्कचा आकडा बघा आणि त्याच्या वरच्या मापाचीच घ्या.

लहान डिस्कवर न्यायचंच असेल तर आधी सी ड्राइव्ह आकुंचन करून घ्यावा लागतो. तिथे विंडोज अर्ध्यावरच थांबते, कारण पेजफाइल, हायबरनेशनची फाइल आणि सिस्टिम रिस्टोअरचे तुकडे तिला जागेवरून हलवता येत नाहीत. ही तिन्ही तात्पुरती बंद करून रीस्टार्ट केलं की बऱ्याचदा जागा सुटते. पण विंडोज दुरुस्तीच्या फाइलींचं रिकव्हरी पार्टिशन डिस्कच्या शेवटाला बसलेलं असतं, तेही जीपार्टेड या पार्टिशन हलवणाऱ्या साधनाने डावीकडे सरकवावं लागतं. मग क्लोनझिलाच्या एक्स्पर्ट मोडमध्ये मापाची तपासणी टाळणारा आय-सी-डी-एस हा पर्याय. एवढा खटाटोप करण्यापेक्षा अशा वेळी क्लोनझिला सरळ बाजूला ठेवावं. त्याचा पर्याय पुढे येतो.

दुसरी ठेच बिटलॉकरची, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीची. विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्ट खात्याने नवं इन्स्टॉलेशन केलं की बहुतेक मशीनवर डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे बिटलॉकरचंच साधं रूप, आपोआप सुरू होतं, आणि अनेकांना ते सुरू आहे हेच माहीत नसतं. क्लोनझिलाला त्या पार्टिशनमध्ये एनटीएफएस दिसत नाही, नुसता खिचडी झालेला डेटा दिसतो. मग ते प्रत्येक सेक्टर उचलत बसतं, रिकामी जागासुद्धा, आणि नव्या डिस्कवरच्या पहिल्या बूटला रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. बिटलॉकर नुसतं 'सस्पेंड' करून उपयोग नाही, डेटा तसाच गुंतलेला राहतो. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली जाऊन एन्क्रिप्शन पूर्ण बंद करा, डिक्रिप्शन संपेपर्यंत थांबा. तरीही रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून उतरवून कागदावर लिहून ठेवलेली बरी.

फास्ट स्टार्टअपही इथेच नडतो. नेहमीसारखं शटडाउन केलं तरी विंडोज अर्धवट झोपलेली असते आणि एनटीएफएसवर तशी खूण राहते. क्लोनझिला ती खूण पाहून थांबतं आणि चेकडिस्क, म्हणजे विंडोजची डिस्क तपासणी, चालवायला सांगतं. शिफ्ट दाबून धरून शटडाउन करा किंवा कमांड प्रॉम्प्टमधून हायबरनेशनच बंद करा. त्याआधी सी ड्राइव्हवर दुरुस्तीच्या पर्यायासह चेकडिस्क एकदा चालवून घ्यावं.

जुनी डिस्क आजारी असेल तर मात्र पद्धतच बदलते. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या साधनामध्ये ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळी बघा. सी५, म्हणजे वाचता न आलेले आणि निकाल न लागलेले सेक्टर, शून्यापेक्षा जास्त असतील तर आधी महत्त्वाच्या फाइल दुसरीकडे कॉपी करा आणि मगच क्लोनचा विचार करा. खराब सेक्टर लागला की क्लोनझिला थांबतं. एक्स्पर्ट मोडमधला रेस्क्यू पर्याय निवडला तर वाचता न आलेला ब्लॉक सोडून ते पुढे जातं, पण जे सुटलं ते सुटलं. ती एखादी ड्रायव्हरची फाइल असली तर नवी विंडोज लंगडीच उठणार. अशा डिस्कची नक्कल करण्यापेक्षा नव्या एसएसडीवर कोरी विंडोज टाकणंच शहाणपणाचं.

आता सामान. डेस्कटॉपमध्ये मोकळा स्लॉट असेल तर एसएसडी थेट आत बसवा, मध्ये कुठलीही यूएसबीची भानगड नको. एकच स्लॉट असलेल्या लॅपटॉपला एनक्लोजर, म्हणजे एसएसडी बाहेरून यूएसबीला जोडायचा डबा, लागतं. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत नुसतं 'एम डॉट टू एनक्लोजर' मागितलं तर काउंटरवर दोन प्रकारचे डबे येतात, एक साटा एम डॉट टूचा आणि एक एनव्हीएमई या नव्या, वेगवान जोडणीचा, आणि दिसायला दोन्ही सारखेच. रिअलटेकची आरटीएल९२१०बी चिप असलेला घ्यावा, तो दोन्ही प्रकारच्या एसएसडी चालवतो. लॅपटॉपमध्ये सहसा २२८० मापाची, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब एसएसडी बसते, पण काही बारीक मॉडेलमध्ये २२४२ किंवा २२३०. झाकण उघडून बघितल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

एनक्लोजर लावताना पोर्ट कुठला हे महत्त्वाचं. यूएसबी २.०च्या पोर्टवर सेकंदाला पस्तीसेक एमबी मिळतात, म्हणजे १५० जीबीला सव्वा तास. निळ्या किंवा टाइप-सी पोर्टवर वेग जुन्या हार्ड डिस्कच्या कुवतीवर ठरतो. ५४०० आरपीएमच्या लॅपटॉप डिस्कला अर्धा-पाऊण तास धरा. मध्येच डिस्क गायब झाली तर आधी वीजपुरवठ्यावर संशय घ्या. यूएसबी ३.०चा पोर्ट साडेचार वॅटच द्यायला बांधील आहे आणि एनव्हीएमई एसएसडी सलग लिहिताना त्याहून जास्त मागू शकते. हब काढा, कॅबिनेटच्या पुढचा पोर्ट सोडून मदरबोर्डवरचा मागचा वापरा.

क्लोनझिलाची आयएसओ फाइल रूफस या साधनाने बूट होईल अशी पेनड्राइव्हवर चढवायची. बूट मेनूत 'टू रॅम' हा पर्याय आहे, तोच निवडा: सगळं रॅममध्ये चढतं आणि पेनड्राइव्ह काढून घेता येतो. दोनच पोर्ट असलेल्या लॅपटॉपवर याचा मोठा आधार. पुढे भाषा, कीबोर्ड, मग 'डिव्हाइस-डिव्हाइस', मग 'डिस्क टू लोकल डिस्क'.

यानंतरची स्क्रीन सगळ्यात धोक्याची. आधी सोर्स डिस्क निवडायची, मग टार्गेट. आतली एनव्हीएमई 'एनव्हीएमई-झीरो' अशा नावाने दिसते, पण तशीच एनव्हीएमई एनक्लोजरमध्ये घातली की ती 'एसडीए' किंवा 'एसडीबी' होते, आणि पेनड्राइव्हही त्याच कुळातला. नावावर अजिबात जाऊ नका. त्याच ओळीत माप आणि मॉडेल लिहिलेलं असतं, ते एसएसडीवरच्या स्टिकरशी ताडून बघा. उलटं निवडलं तर कोऱ्या डिस्कची नक्कल भरलेल्या डिस्कवर उतरते. क्लोनझिला लिहिण्यापूर्वी दोनदा 'वाय' दाबायला लावतं; दुसऱ्यांदा दाबण्याआधी टार्गेटची ओळ पुन्हा वाचा.

पार्टिशन टेबलाबाबत दोन मुख्य पर्याय असतात. के-झीरोने जुन्याची हुबेहूब मांडणी, के-वनने नव्या डिस्कच्या मापाच्या प्रमाणात पसरवलेली. के-वन आकर्षक वाटतो, पण विंडोजच्या १०० एमबीच्या ईएफआय (बूटच्या फाइलींचं) आणि १६ एमबीच्या एमएसआर (विंडोजने राखून ठेवलेलं) पार्टिशनच्या मांडणीत कुणी ढवळाढवळ न केलेलीच बरी. के-झीरो घ्यावा आणि उरलेली जागा नंतर जोडावी.

काही लॅपटॉपवर या स्क्रीनवर आतली डिस्कच दिसत नाही. बायोसमध्ये स्टोरेज इंटेल आरएसटी किंवा रेड (RAID) मोडवर असतं, ते एएचसीआय या साध्या मोडवर न्यावं लागतं. पण नुसतं बदललंत तर विंडोज 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणून निळी पडते. आधी विंडोजमध्येच एमएसकॉन्फिगमधून सेफ बूट लावा, रीस्टार्ट करताना बायोसमध्ये एएचसीआय करा, सेफ मोडमध्ये एकदा उठू द्या, मग सेफ बूट काढा. योग्य ड्रायव्हर त्या एका बूटमध्ये बसतो. साटा डिस्कवरून एनव्हीएमईवर नेलेली विंडोज पहिल्यांदा उठताना हाच एरर देत असेल तर तिथेही सेफ मोडचा हाच उपाय लागू पडतो.

नक्कल संपली की मशीन बंद करा आणि जुनी डिस्क काढूनच पहिलं बूट करा. दोन्ही डिस्कची ओळख आता एकच आहे. दोन्ही जोडलेल्या राहिल्या तर विंडोज त्यातली एक ऑफलाइन करते, किंवा मशीन गुपचूप जुन्याच डिस्कवरून उठतं आणि 'एसएसडी टाकूनही फरक नाही' अशी तक्रार सुरू होते. लॅपटॉपची बॅटरी कनेक्टरपासून सोडवून एसएसडी तिरकी आत सरकवायची, मग आडवी दाबून स्क्रू. स्क्रू हलकाच आवळा, तो फार बारीक असतो.

बूटच झाली नाही तर बायोसमध्ये 'विंडोज बूट मॅनेजर' पहिल्या क्रमांकावर आहे का बघा. तरी नाही, तर विंडोजच्या पेनड्राइव्हवरून कमांड प्रॉम्प्टवर जा, डिस्कपार्टने ईएफआय पार्टिशनला एखादं अक्षर द्या आणि बीसीडीबूट कमांडने बूटच्या फाइल नव्याने लिहा. तिथे विंडोजचं पार्टिशन 'सी'च असेल असं नाही, आधी डीआयआर करून खात्री करा. जुनी डिस्क एमबीआर या जुन्या पार्टिशन पद्धतीची असेल आणि नवी एनव्हीएमई, तर आणखी एक पायरी: एमबीआरची मांडणी नव्या जीपीटी पद्धतीत बदलणारं एमबीआर-टू-जीपीटी हे मायक्रोसॉफ्टचं साधन विंडोज १०च्या १७०३ आवृत्तीपासून सोबत येतं. जुन्या डिस्कवरच त्याचा व्हॅलिडेट पर्याय चालवून बघा. तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असतील तर ते अडून बसतं. अ‍ॅक्टिव्हेशनची काळजी नको, डिजिटल लायसन्स मुख्यतः मदरबोर्डशी बांधलेलं असतं.

आता उरलेली जागा. डिस्क मॅनेजमेंटमध्ये सीवर राइट क्लिक केलं तर 'एक्स्टेंड' पुसट दिसतं, कारण सी आणि मोकळ्या जागेच्या मध्ये रिकव्हरी पार्टिशन आडवं पडलेलं असतं. रीएजंटसी कमांडने रिकव्हरी आधी डिसेबल करा, जीपार्टेडने ते पार्टिशन डिस्कच्या टोकाला सरकवा, सी वाढवा, परत येऊन रिकव्हरी एनेबल करा. हातासरशी रिकव्हरी पार्टिशन १ जीबीचं करून टाका. जानेवारी २०२४मध्ये केबी५०३४४४१ हे अपडेट हजारो मशीनवर अडकलं ते तिथली जागा अपुरी पडल्यामुळेच; मायक्रोसॉफ्टने तेव्हा २५० एमबी वाढवायला सांगितलं होतं.

मग कुणी काय वापरावं? सॅमसंगची एसएसडी घेतली असेल तर सॅमसंग मॅजिशियन, क्रुशल किंवा डब्ल्यूडीची असेल तर त्यांच्यासाठी फुकट मिळणारं अ‍ॅक्रोनिस. ही विंडोजच्या आतूनच चालतात आणि मोठ्या डिस्कवरून लहानवर नेताना पार्टिशन स्वतः आवळून घेतात. अट एवढीच की त्या कंपनीची डिस्क जोडलेली हवी. मॅक्रियम रिफ्लेक्ट या अशाच दुसऱ्या साधनाची फुकट आवृत्ती जानेवारी २०२४पासून बंद झाली आहे. जुने व्हिडिओ पाहून ती शोधत बसू नका. क्लोनझिला खरं उपयोगी पडतं ते ब्रँडची अट नको असेल तेव्हा, विंडोजसोबत लिनक्सही असेल तेव्हा, किंवा एकाच जातीची दहा मशीन करायची असतील तेव्हा. पहिल्यांदाच डिस्क बदलणाऱ्याने कंपनीचं साधन आधी चालवून बघावं.

जुनी डिस्क लगेच पुसू नका. दोनेक आठवडे नवीवर सगळी कामं बिनबोभाट झाली, छपाईपासून टॅलीपर्यंत, की मगच ती दुसरी डिस्क म्हणून लावा, आणि लावताना डिस्कपार्टच्या क्लीन कमांडने पूर्ण कोरी करा. नुसतं फॉरमॅट केलं तर सी जातो, पण ईएफआय पार्टिशन तसंच राहतं आणि बायोसच्या यादीत दोन-दोन विंडोज बूट मॅनेजर दिसत राहतात. क्लीन देण्याआधी लिस्ट डिस्क करून क्रमांक दोनदा वाचा, तिथे 'वाय' विचारायला कुणी नसतं.