फोटोग्राफीचा क्लास कसा निवडावा: दीड वर्षात तीन ठिकाणी शिकल्यानंतरचा माझा अनुभव

गेल्या वर्षी जानेवारीत मी पहिला कॅमेरा घेतला. साधा, लहान (क्रॉप) सेन्सरचा डीएसएलआर, सोबत कॅमेऱ्याबरोबरच मिळणारी १८-५५ एमएमची किट लेन्स. तेव्हा वय बेचाळीस, नोकरी सहकारी बँकेत, आणि हातात वेळ म्हणजे शनिवार संध्याकाळ आणि रविवार सकाळ. त्यानंतर दीड वर्षात मी एक दोन दिवसांची कार्यशाळा केली, एक रेकॉर्डेड ऑनलाइन कोर्स केला आणि शेवटी बारा आठवड्यांचा एक छोटा क्लास केला. तो क्लास संपून आता आठ महिने झालेत. शिकताना काय आवडलं, यापेक्षा आज हातात काय उरलंय हे सांगता येईल एवढा काळ गेलाय, म्हणून हे लिहिते आहे. मी ज्यांच्याबद्दल तक्रार करणार आहे त्यांची नावं देत नाही, आणि ज्यांचं कौतुक करणार आहे त्यांचीही नाही. तुमच्या गावात तुम्हाला वेगळीच दारं ठोठवावी लागणार आहेत.

पहिली कार्यशाळा फेब्रुवारीत झाली. साडेतीन हजार रुपये, दोन दिवस, जेवण आणि प्रमाणपत्र धरून. हॉलमध्ये आम्ही साठएक जण होतो. पहिल्या दिवशी मोठ्या पडद्यावर अ‍ॅपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं भोक), शटर स्पीड (किती वेळ उजेड आत येतो), आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील), कंपोझिशन (चौकटीची मांडणी), लेन्सचे प्रकार, लँडस्केप, वाइल्डलाइफ, वेडिंग असं सगळं एका दिवसात. दुसऱ्या दिवशी एक मॉडेल आली, दोन मोठे स्टुडिओ फ्लॅश लावले होते, आणि आम्हाला फळ्यावर आकडे लिहून दिले: आयएसओ १००, शटर १/१२५, अ‍ॅपर्चर एफ ८. सगळ्यांनी तेच आकडे लावले, रांगेत उभे राहिलो, प्रत्येकाला दोन-दोन मिनिटं मिळाली. घरी येऊन फोटो बघितले तर खरंच सुंदर होते. मी ते नातेवाइकांना पाठवले, सगळ्यांनी वाहवा केली. तो उजेड कोणी लावला, कुठून लावला, का लावला, यातलं काहीच मला माहीत नव्हतं. साठ जणांकडे तोच एक फोटो होता. जाताना दिलेल्या कागदावर ठळक अक्षरात एक सूचना होती: ‘आयएसओ ४०० च्या वर नेऊ नका, फोटो फुटतो.’ ती मी मनापासून पाळली.

एप्रिलमध्ये भाच्याची मुंज झाली. ताईने हौसेने सांगितलं, घरातले फोटो तूच काढ. मातृभोजनाच्या वेळी मी समोर पाटाशेजारी बसले होते. ताई त्याला घास भरवत होती, त्याचं लक्ष तिच्या हाताकडे होतं, तिचे डोळे भरून आले होते. मी बावीस फोटो काढले. घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर बघितले तर बावीसच्या बावीस हललेले. ताईचा हात म्हणजे नुसती एक रेघ दिसत होती. भाच्याचं पांढरंशुभ्र धोतर मळकट, राखाडी. ताई काही बोलली नाही. “असू दे गं, आठवणीत आहे,” एवढंच म्हणाली. ते माझ्या मनाला फार लागलं, कारण तो घास परत भरवता येत नाही.

काय चुकलं हे मला चार महिन्यांनी कळलं. कार्यालयाच्या मिणमिणत्या दिव्यांत आयएसओ ४०० ठेवून, किट लेन्स ५५ ला झूम करून, अ‍ॅपर्चर एफ ५.६ वर, कॅमेऱ्याने शटर १/१५ सेकंदाचं निवडलं होतं. तेवढ्या वेळात भरवणारा हात सहज चार बोटं सरकतो. आयएसओ ३२०० केला असता तर तीन पायऱ्या मिळाल्या असत्या: १/१५ चं १/३०, मग १/६०, मग १/१२५. फोटोत थोडे दाणे दिसले असते, पण चेहरे दिसले असते. कागदावरची ती सूचना स्टुडिओतल्या फ्लॅशसाठी बरोबर होती. ती कार्यालयात का चालणार नाही हे सांगायला कोणी नव्हतं. तेव्हापासून मी क्लासची परीक्षा याच एका प्रश्नावर करते: माझा चुकलेला फोटो इथे कोणी बघणार आहे का?

मधल्या काळात ऑनलाइन कोर्स केला. त्याबद्दल थोडक्यात: स्वस्त होता, शिकवणारा चांगला होता, शब्द कळले, थांबवून पुन्हा पुन्हा बघता आलं. स्टॉप (उजेड दुप्पट किंवा निम्मा करणारी एक पायरी), एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड हाताने कमी-जास्त करणं), मीटरिंग (कॅमेऱ्याने उजेड मोजणं) हे शब्द तिथेच पहिल्यांदा नीट समजले. पण माझा फोटो त्या स्क्रीनला दिसत नव्हता. क्लास लावण्याआधीची तयारी म्हणून जरूर करा.

जुलैमध्ये मी ठरवून चार ठिकाणी जाऊन आले. पुण्यात असल्यामुळे एफटीआयआय या सरकारी चित्रपट संस्थेच्या छोट्या अभ्यासक्रमांचाही विचार केला होता, पण ते माझ्या नोकरीच्या वेळेत बसेनात. चारपैकी तीन ठिकाणी मला अभ्यासक्रमाची यादी दिली. एका यादीत बत्तीस विषय होते. भिंतीवर सरांचे मोठे मोठे फोटो: भिगवणचे रोहित, रायगड, वारी. फोटो उत्तमच होते, पण ते सरांचे होते. मी विचारायची, बॅचमध्ये किती जण असतात, गृहपाठ देता का, तो कोण तपासतं, आणि एक तास मागे बसून बघू का? तिसऱ्या ठिकाणी उत्तर मिळालं की गृहपाठ व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा, ‘सर लाइक करतात’. चौथ्या ठिकाणी, सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावर, सर म्हणाले, “शनिवारी या, बसा, पटलं तर पैसे भरा.” मी गेले. दोन तासांत त्यांनी एकही नवीन विषय शिकवला नाही. टेबलावर नऊ मुलांचे पोस्टकार्ड आकाराचे प्रिंट मांडले होते आणि सगळे त्याभोवती उभे राहून बोलत होते. मी त्याच दिवशी पैसे भरले.

या क्लासची फी चौदा हजार, बारा आठवडे, शनिवारी दोन तास आणि रविवारी सकाळी बाहेर. आम्ही नऊ जण. एक कॉलेजची मुलगी फक्त मोबाइल घेऊन यायची आणि सरांनी तिला पहिला महिना कॅमेरा घेऊ दिला नाही. मोबाइलच्या प्रो मोडमध्ये शटर आणि आयएसओ हाताने बदलता येतात, अ‍ॅपर्चर बहुतेक फोनमध्ये पक्कं असतं, पण उजेड कळण्यासाठी तेवढं पुष्कळ होतं. मला वाटतं, मीही कॅमेरा आधी घ्यायची घाई करायला नको होती.

पहिल्या शनिवारचं सांगते. सरांनी एक पांढरा टॉवेल आणि एक काळी छत्री आणली होती. म्हणाले, कॅमेरा ऑटोवर ठेवा, आधी टॉवेल पूर्ण फ्रेम भरून काढा, मग छत्री. मग दोन्ही फोटो शेजारी शेजारी उघडायला लावले. टॉवेल राखाडी, छत्री राखाडी. जवळजवळ एकच रंग! कॅमेऱ्यातलं मीटर असं धरून चालतं की समोरचं जग सरासरी मधल्या करड्या छटेचं आहे. म्हणून पांढरं दिसलं की ते काळवंडवतं आणि काळं दिसलं की उजळवतं. टॉवेलला एक्सपोजर कॉम्पेन्सेशन अधिक दीड केलं तसा तो पांढरा झाला. छत्रीला उणे केलं तशी ती काळी झाली. मला तिथेच भाच्याचं धोतर आठवलं. घरी गेल्यावर मी मुंजीचे फोटो पुन्हा उघडले आणि प्रत्येक फोटोखालचे आकडे वहीत उतरवून काढले. पुढच्या शनिवारी ती वही सरांना दाखवली. त्यांनी पाऊण तास माझ्या त्या बावीस फोटोंवर घालवला, सगळ्या वर्गासमोर, आणि एकदाही मला ओशाळवाणं वाटू दिलं नाही. “कॅमेऱ्याने तुम्हाला सांगितलं होतं १/१५, तुम्ही वाचलं नाहीत,” एवढंच म्हणाले. तेव्हापासून व्ह्यूफाइंडरच्या तळाची ती आकड्यांची पट्टी न वाचता माझं बोट शटरवर जात नाही.

दुसरी गोष्ट बारा फोटोंची. सर अनेक वर्षं वर्तमानपत्रासाठी फोटो काढत होते, सुरुवात फिल्मवर झालेली. ते होमाई व्यारावालांबद्दल फार आदराने बोलायचे, ज्यांना भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार मानतात आणि ज्यांना २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालं. त्या वापरायच्या त्या रोलायफ्लेक्स कॅमेऱ्यात एका रोलवर बारा फोटो बसतात. म्हणून आमचा दर आठवड्याचा गृहपाठ: एक वस्तू किंवा एक माणूस, एक खिडकी, बारा फोटो. तेरावा काढायचा नाही, एकही डिलीट करायचा नाही, बाराच्या बारा प्रिंट करून आणायचे. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत आई मेथी निवडत बसते तो विषय घेतला. पहिल्या आठवड्यात मी खिडकीकडे तोंड करून उभी होते, आईचा चेहरा काळा आला. दुसऱ्या आठवड्यात खिडकी माझ्या डाव्या हाताला घेतली आणि चेहऱ्याची एक बाजू उजळली, दुसरी अंधारात गेली. सर म्हणाले, अंधारातल्या बाजूला काहीतरी पांढरं ठेवून बघा. तिसऱ्या आठवड्यात मी आईच्या डाव्या बाजूला खुर्चीवर धुतलेली पांढरी चादर टाकली. त्या चादरीवरून परत आलेल्या उजेडात आईच्या कानातली कुडी, गालावरच्या सुरकुत्या, हातातली मेथीची जुडी, सगळं दिसायला लागलं. सरांनी तो प्रिंट उचलला, बराच वेळ बघितला आणि नखाने तळाची कड दाखवली: “बोटं कापलीत. मेथी निवडणाऱ्या बाईची बोटं कापायची नाहीत.” चौथ्या आठवड्यात बोटं आली.

हे सगळं बत्तीस विषयांच्या यादीत कुठेच नसतं.

रविवारच्या सकाळीही अशाच. दसऱ्याआधी आम्ही गुलटेकडी मार्केट यार्डच्या फूलबाजारात गेलो होतो. झेंडूचे ढीग बघून सगळे वेड्यासारखे फोटो काढत सुटले. माझ्या स्क्रीनवर झेंडू नुसते नारिंगी गोळे, पाकळ्या नाहीतच. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत डावीकडे काळोख आणि उजवीकडे उजेड किती हे दाखवणारा आलेख, मात्र व्यवस्थित दिसत होता. सरांनी तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम उघडायला लावला: लाल रंग उजव्या भिंतीला जाऊन चिकटला होता. एक्सपोजर पाऊण पायरी कमी केलं आणि पाकळी न् पाकळी परत आली. तिथेच त्यांनी आणखी एक गोष्ट शिकवली, फोटो काढण्याआधी विचारायची. “मावशी, एक फोटो काढू का?” असं विचारलं की बहुतेक वेळा हो येतं. नाही आलं तर नमस्कार करून पुढे जायचं. मी एकटी बाई म्हणून पहाटे बाजारात कॅमेरा काढायला घाबरत होते. ती भीती त्या तीन-चार रविवारांनी घालवली.

आता उणिवा. फोटो एडिटिंग फक्त दोन तासांत उरकलं. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला मूळ फोटो) का घ्यायची एवढं कळलं, पुढचं मला स्वतःच शिकावं लागलं. फ्लॅशचं तर एका संध्याकाळीच आटोपलं, आणि ती संध्याकाळही वीज गेल्यामुळे अर्धी गेली. पावसामुळे तीन रविवार बुडाले, त्यातले दोनच भरून मिळाले. छापील नोट्स नाहीत, त्यामुळे वही न ठेवणाऱ्यांचं नुकसान झालं. दर आठवड्याच्या बारा प्रिंटचा खर्च फीमध्ये धरलेला नाही हे आधी सांगायला हवं होतं. ज्यांना तीन महिन्यांत लग्नाच्या ऑर्डर घ्यायच्या आहेत त्यांनी हा क्लास लावू नये, त्यांना फ्लॅश, एडिटिंग आणि व्यवसायाची बाजू शिकवणारा दुसरा हवा.

खर्चाचं म्हणाल तर कार्यशाळेचे साडेतीन हजार मला आज वाया गेल्यासारखे वाटतात. चौदा हजार वाटत नाहीत. क्लासनंतर मी घेतलेली एकमेव नवीन वस्तू म्हणजे ५० एमएमची एफ १.८ लेन्स, तीही घरातल्या अंधाऱ्या खोल्यांसाठी. आणि पावसाळ्यासाठी घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या. आमच्यातल्या एकाच्या लेन्सला बुरशी आली, ती साफ करायला बरेच पैसे गेले.

आठ महिन्यांनंतर आमच्यातले पाच जण महिन्याच्या दुसऱ्या रविवारी कोणाच्या तरी घरी जमतो. बारा-बारा प्रिंट टेबलावर मांडतो, चहा होतो, आणि “बोटं कापलीत” हे वाक्य दर वेळी कोणी ना कोणी म्हणतंच. मुंबईकरांना अशी सोबत हवी असेल तर १९३७ पासूनची फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया तिथे आहे, तिची चौकशी करून बघा.

पुढच्या फेब्रुवारीत ताईच्या धाकट्याची मुंज आहे. तिने फोटोग्राफर ठरवलाय, पण मातृभोजनाला मी कॅमेरा घेऊन बसणार आहे, आणि कार्यालयाच्या त्या दिव्यांत छतावर फ्लॅश उडवून फोटो कसा काढतात हे मला त्याआधी नीट यायला हवं. म्हणून सध्या फ्लॅशसाठी छोटा क्लास शोधते आहे. गेल्या आठवड्यात दोन ठिकाणी गेले. दोन्हीकडे एकच विचारलं: मागच्या बॅचच्या मुलांचे गृहपाठाचे फोटो बघायला मिळतील का? पहिल्या ठिकाणी मला सरांचं प्रदर्शनाचं पुस्तक हातात दिलं. दुसऱ्या ठिकाणी मॅडमनी कपाटातून एक जाडजूड पाकीट काढलं. आत लहान लहान प्रिंट होते, काही फार उजळ, काही काळे, एकाच्या मागे पेन्सिलने लिहिलेलं: ‘भिंत पिवळी आहे, म्हणून चेहरा पिवळा. पांढऱ्या छताखाली परत काढ.’ तिथली बॅच पंधरा तारखेला सुरू होते, सहा जणांची. माझं नाव दिलंय.