पाचनईचा घरगुती मुक्काम: जेवणाला पैकीच्या पैकी, गोधड्या काठावर पास

बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. दख्खनच्या पठाराचा धडा तोंडपाठ: साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या, लाव्हा थरावर थर पसरत गेला, थिजून काळा कातळ झाला. पण हरिश्चंद्रगडावर पाय ठेवायला निवृत्ती उजाडावी लागली. गेल्या नोव्हेंबरात धाकट्या बहिणीला घेऊन गेले.

मुक्काम पायथ्याला, पाचनईतल्या एका घरी. माणशी सहाशे रुपयांत रात्रीचं जेवण, झोपायला पडवी, सकाळी पोहे-चहा. वाटाड्याचे आठशे वेगळे. तो घरातलाच थोरला मुलगा.

आधी तक्रारी. गोधड्यांना कुबट वास होता. संडास परसात, रात्री बॅटरी घेऊन जावं लागतं. आणि फोनला रेंज नाही. आम्ही पुण्याहून ठरवलेल्या गाडीवाल्याने कोतुळाच्या पुढे रस्ता खराब म्हणत पाचशे जास्त मागितले, तेव्हा घरच्यांना विचारावं म्हटलं तर फोन लागेचना. दोष त्यांचा नाही, पण निघण्याआधीच सगळं बोलून घ्या.

जेवणाबद्दल मात्र एक शब्द वाकडा नाही. तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा. घरातल्या मावशी तव्यावरची भाकरी निखाऱ्यांना टेकवून उभी करायच्या, टम्म फुगली की राख झटकून थेट ताटात. मी दोन खाणारी बाई, चार खाल्ल्या. पाचवीला नको म्हटलं तर, "बाई, उद्या गड कोण चढणार?"

पाचनईची वाट गडाच्या वाटांमधली सोपी. लोक अडीच तासांत पोचतात म्हणे. आम्हाला साडेतीन लागले आणि पोराने एकदाही घड्याळ पाहिलं नाही. वाटेत एक प्रचंड कातळ डोक्यावर छपरासारखा पुढे आलाय, त्याच्या खालून जावं लागतं. तिथे त्याने एक दगड उचलून दाखवला: काळ्या अंगावर बारीक खड्डे, खड्ड्यांत पांढरे स्फटिक. "गारगोटी," तो म्हणाला. माझ्यातली शिक्षिका जागी झाली. लाव्हा थिजताना आतल्या वायूचे बुडबुडे अडकतात, पुढे त्या पोकळीत खनिजं साचतात, त्यांना झिओलाइट म्हणतात, वगैरे. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे दगडाला फोड आली होती." बत्तीस वर्षांत मला हे सुचलं नव्हतं! दगड पिशवीत टाकायला निघाले तर म्हणाला, "अभयारण्य आहे, बाई. असू दे इथंच." ठेवला.

वर हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ त्याच काळ्या दगडाचं. शिखरावरच्या कोरीवकामावर ऊन तिरपं पडलेलं तेव्हा बघा, म्हणजे सकाळी लवकर निघा. खाली केदारेश्वराच्या लेण्यात भलंमोठं शिवलिंग, भोवती कमरेइतकं पाणी, आणि चार खांबांपैकी एकच धड. चार युगांचे चार खांब, शेवटचा पडला की जग बुडालं, अशी समजूत. बहीण प्रदक्षिणा घालून आली. मी वीस आकडे मोजेपर्यंत पाण्यात उभी राहिले, पुढे पाय बधिर झाले. पुष्करणीच्या काठावर नूडल्सची रिकामी पाकिटं पाहून मन विटलं. पोराने न बोलता गोळा करून पिशवीत भरली.

कोकणकड्यावर त्याने आम्हाला पोटावर झोपवलं आणि मागून घोटे धरले. कडा वाटीसारखा आत वळलेला, त्यावर लाव्ह्याचे आडवे पट्टे. मोजायला लागले, सातव्यानंतर नजर फिरली. इथेच इंग्रजांच्या काळात कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याला गोल इंद्रधनुष्य, म्हणजे इंद्रवज्र दिसलं होतं, असं सांगतात. त्याला खाली ढग लागतात. आमच्या नशिबी लख्ख ऊन.

पैसे रोख न्या. आणि अंगावर घ्यायला घरची चादर.