जुनी अकूस्टिक गिटार घेताना आधी काय तपासावे: वय की लाकूड?

वापरलेली अकूस्टिक गिटार घेऊ पाहणाऱ्याला पुष्कळदा दोनांतून एक निवडावी लागते: एक चाळीसेक वर्षांची, पण टॉप, म्हणजे पुढची फळी, थर चिकटवून केलेला, म्हणजे लॅमिनेट, दुसरी दहाएक वर्षांचीच, पण टॉप एकसंध लाकडाचा, म्हणजे सॉलिड. विकणारा पहिलीचे वय पुढे करतो. माझ्या मते आधी लाकूड ओळखावे आणि मगच वयाकडे वळावे, कारण वापराने आवाज खुलत जातो असे वादक जे सांगतात ते मुख्यतः सॉलिड टॉपविषयी असते. लॅमिनेटच्या बाबतीत वयासाठी जास्त पैसे मोजण्याचे कारण उरत नाही.

ओळखण्याची खरी जागा म्हणजे साउंडहोलची, अर्थात टॉपवरच्या गोल छिद्राची, कड. तिच्यावर तिरका प्रकाश टाकून पाहावे. टॉपवरच्या बारीक रेषा कडेवरून वळून आतल्या बाजूपर्यंत अखंड उतरत असतील, तर लाकूड एकसंध आहे. मध्येच वेगळ्या रंगाचा किंवा आडव्या रेषांचा थर दिसला, तर ते लॅमिनेट आहे. कडेवर जाड रंग किंवा पट्टी असेल, तर ही खूण झाकली जाते आणि निर्णय राखून ठेवावा लागतो. पाठीसाठी बाहेरची एखादी गाठ किंवा गडद रेघ हेरून ती आत नेमक्या त्याच जागी आहे का, ते आरशाने पाहावे; नुसता रंग जुळणे पुरेसे नाही, कारण आतला थरही त्याच जातीच्या लाकडाचा असू शकतो.

वयासाठी रंगावर विसंबू नये. टॉपसाठी वापरले जाणारे स्प्रूस लाकूड काळाने पिवळसर होते हे खरे, परंतु नव्या टॉपवरही मुद्दाम तशी झाक दिली जाते आणि सीडर हे दुसरे लाकूड तर नवे असतानाच तांबूस तपकिरी असते. सिरीयल क्रमांक अधिक भरवशाचा. मार्टिन या अमेरिकी गिटार कंपनीचे क्रमांक १८९८ पासून ओळीने चालत आले असून २००४ मध्ये ते दहा लाखांवर पोहोचले. गिब्सन या दुसऱ्या अमेरिकी कंपनीने १९७७ पासून आठ अंकी पद्धत घेतली. तिच्यात पहिला आणि पाचवा अंक मिळून वर्ष, तर दुसरा ते चौथा अंक वर्षातला दिवस सांगतात. ८२३४५ ने सुरू होणारा क्रमांक म्हणजे १९८५ चा २३४ वा दिवस, अर्थात २२ ऑगस्ट.

क्रमांक आणि लाकूड एकमेकांची साक्षही काढतात. मार्टिनच्या डी-२८ या मॉडेलमध्ये पाठीसाठी आणि बाजूंसाठी १९६९-७० च्या सुमारास ब्राझिलियन रोजवूडच्या जागी भारतीय रोजवूड आले. म्हणून १९७५ चा क्रमांक असलेली नेहमीची डी-२८ कोणी ब्राझिलियन म्हणून दाखवत असेल, तर पुरावा मागावा. ब्राझिलियन रोजवूड १९९२ पासून साइट्स या, दुर्मीळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या सर्वांत कडक यादीत असल्यामुळे अशी गिटार देशाबाहेर न्यायची तर कागदपत्रांचाही प्रश्न येतो.

सर्वसाधारणपणे मी दहा वर्षांची सॉलिड टॉपची गिटार निवडेन, मग तिच्यावर नीट बुजवलेली एखादी चीर असली तरी चालेल. मात्र हवेतील ओलावा फार बदलत असेल किंवा गिटार सतत प्रवासात राहणार असेल, तर लॅमिनेटच घ्यावी. ती सहसा तडकत नाही आणि हाताळणीही अधिक सोसते.

दोन्हींत नेकचा, म्हणजे गिटारच्या लांब दांड्याचा, कोन तपासणे अटळ आहे, आणि जुनीत तर विशेषच. सरळ पट्टी फ्रेटांवरून, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवरून, ब्रिजकडे, म्हणजे टॉपवर तारा अडकवलेल्या लाकडी तुकड्याकडे, सरकवावी. तिचे टोक ब्रिजच्या लाकडाच्या वरच्या पातळीला टेकायला हवे. ते खाली आदळत असेल आणि सॅडल (ब्रिजवरची, तारा टेकतात ती पातळ पट्टी) आधीच घासून उतरवलेले असूनही तारा उंच असतील, तर नेक रीसेट, म्हणजे काढून योग्य कोनात पुन्हा बसवावा लागेल. सॉलिड लाकडाच्या चांगल्या गिटारीवर तो खर्च करण्यात अर्थ आहे. साध्या लॅमिनेट गिटारीत तो खरेदीच्या रकमेलाही मागे टाकू शकतो, म्हणून ती सोडून द्यावी.