पहिला करंट कशातून द्यायचा: बल्ब, स्मोक स्टॉपर की बेंच सप्लाय?

ड्रोनच्या फ्रेमवर सगळं बसलं, शेवटचा सोल्डर झाला, आता एक्सटी६० ला, म्हणजे बॅटरीच्या प्लगला, बॅटरी लावायची. ४एस, म्हणजे चार सेलची, १३०० एमएएचची साधी लायपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी)सुद्धा शॉर्ट मिळाला की शंभर अँपिअरच्या वर सहज जाते. दोन पॅडच्या मध्ये अडकलेला सोल्डरचा मणी किंवा ईएससीच्या (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या बोर्डाच्या) कडेला चिकटलेला तारेचा एक केस तेवढ्याला पुरतो. फेट, म्हणजे ईएससीवरचा करंट चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर, उडतो, आणि जाताना बऱ्याचदा फ्लाइट कंट्रोलर, म्हणजे ड्रोनचा मेंदूही घेऊन जातो. म्हणून पहिला करंट अडवून द्यायचा, यावर आता फारसा वाद नाही. प्रश्न आहे तो कशाने अडवायचा याचा. बॅटरीच्या वायरीत बल्ब, तयार मिळणारा इलेक्ट्रॉनिक स्मोक स्टॉपर आणि करंटची मर्यादा घालता येणारा बेंच पॉवर सप्लाय, असे तीन रस्ते आहेत. तिन्ही वापरून झाल्यावर माझा कल एकाकडे झुकला आहे, पण तुमचं काम वेगळं असेल तर तुमचं उत्तरही वेगळं येऊ शकेल.

तिन्हींच्या आधी मल्टिमीटर येतो आणि त्याला पर्याय नाही. कंटिन्युइटीवर (जोड असला की बीप देणाऱ्या सेटिंगवर) ठेवून एक्सटी६० च्या दोन टोकांना लावा. क्षणभर बीप होऊन थांबला तर कपॅसिटर भरला, ठीक. वाजतच राहिला तर शॉर्ट आहे. फ्लाइट कंट्रोलरवरचा ५ व्होल्टचा पॅड आणि ग्राउंड यांच्यातही हेच बघा, तेही यूएसबी लावण्याआधी. मग रेझिस्टन्सवर ईएससीच्या बाराही मोटर पॅडपासून (चार मोटर, प्रत्येकीचे तीन) पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह मोजा. हे मोटर सोल्डर करण्याआधी करायचं, कारण नंतर मोटरच्या आतल्या वाइंडिंगमुळे (तारेच्या गुंडाळीमुळे) एका मोटरचे तिन्ही पॅड एकच दिसतात. आकडा किती यावा हे प्रत्येक ईएससीचं वेगळं असतं, पण बारा पॅडचे आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. एखादाच फटकून असेल तर तिथला फेट गेलेला आहे. वरचा, म्हणजे पॉझिटिव्हकडचा फेट एकटा शॉर्ट असेल तर नुसती बॅटरी लावून काहीच कळत नाही. ईएससी सुरुवातीची धून वाजवायला खालचा, निगेटिव्हकडचा फेट चालू करतो तेव्हा रस्ता पूर्ण होतो आणि मग धूर. मीटरवर तो आधीच सापडतो.

बल्ब

गाडीच्या स्पेअर पार्टच्या दुकानात १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब अगदी स्वस्तात मिळतो. चारचाकीच्या इंडिकेटरचा घ्या. दुचाकीच्या इंडिकेटरचा बहुधा १० वॅटचा असतो, तो कमी पडतो. ब्रेक लाइटचा दोन फिलामेंटवाला मिळाला तर त्यातली २१ वॅटचीच बाजू वापरा. एलईडी बल्ब इथे अजिबात चालत नाही. होल्डर घ्या, एक्सटी६० ची नर-मादी जोडी घ्या, निगेटिव्ह सरळ जोडा आणि पॉझिटिव्हमध्ये बल्ब घाला. एवढंच.

तो काम का करतो, तर थंड फिलामेंटचा रेझिस्टन्स तापलेल्याच्या साधारण दहाव्या हिश्शाइतका असतो. तापल्यावर सुमारे ७ ओहम, थंड असताना एक ओहमपेक्षाही कमी. ड्रोन ठीक असेल तर कपॅसिटर भरताना बल्ब लकाकतो आणि विझतो. शॉर्ट असेल तर पेटूनच राहतो आणि करंट २ अँपिअरच्या आसपास अडतो. पूर्ण भरलेल्या ४एस वर, म्हणजे १६.८ व्होल्टवर, १२ व्होल्टचा बल्ब काही सेकंद सहन करतो. ६एस साठी २४ व्होल्टचा ट्रकचा बल्ब घ्या, किंवा १२ व्होल्टचे दोन एकामागे एक जोडा.

स्वस्त आहे, बिघडण्यासारखं त्यात काही नाही, आणि निकाल खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही दिसतो. फक्त ईएससी आणि फ्लाइट कंट्रोलर जोडलेले असतील तर याहून जास्त काही लागतही नाही.

अडचण पुढे येते. व्हीटीएक्स (व्हिडिओ ट्रान्समीटर) जोडला की बल्ब खोटं बोलू लागतो, आणि माझा निर्णय झाला तो याच एका कटकटीवर. डिजिटल एअर युनिट, म्हणजे डिजिटल व्हीटीएक्स, सहज ८ ते १० वॅट ओढतं. त्यात फ्लाइट कंट्रोलर, ईएससी, रिसीव्हर, जीपीएस धरले तर बेरीज १२ वॅटच्या आसपास जाते. आता १६ व्होल्टच्या बॅटरीपुढे २१ वॅटचा बल्ब असताना पलीकडे जास्तीत जास्त किती शक्ती पोचू शकते याचा हिशोब केला, तर उत्तरही साधारण १२ वॅटच येतं. ड्रोनमधले रेग्युलेटर ठरलेली शक्ती ओढणारे असतात. व्होल्टेज उतरलं की ते करंट वाढवतात, करंट वाढला की फिलामेंट तापतं, तापलं की व्होल्टेज आणखी उतरतं. ९ व्होल्टच्या बीईसीला (बॅटरीचं व्होल्टेज उतरवून देणाऱ्या रेग्युलेटरला) आत पुरेसं व्होल्टेज उरत नाही, एअर युनिट बंद पडतं, भार सुटतो, बल्ब थंड होतो, सगळं पुन्हा सुरू होतं. दर दोन-तीन सेकंदांनी हेच चक्र.

टेबलावर बसलेल्याला काय दिसतं? बल्ब मंद धुगधुगतो आहे, चित्र येऊन जातं, ईएससीची धून पुन्हा पुन्हा वाजते. ही सगळी लक्षणं खराब बीईसीची, कच्च्या सोल्डरची किंवा मेलेल्या एअर युनिटचीही असतात. मग चांगला जॉइंट उखडून पुन्हा करायचा, केबल बदलायची, आणि त्या खटपटीत एखादा पॅड खरोखर उचकटायचा. बोर्डात दोष नसतो, दोष तपासण्याच्या साधनात असतो. जास्त वॅटचा बल्ब लावून यातून सुटता येतं, ५५ वॅटचा हेडलाइटचा बल्बही चालतो. पण मग शॉर्टमध्ये साडेचार-पाच अँपिअर जातात आणि बोर्डावरची तांब्याची बारीक रेघ (ट्रेस) तेवढ्यात जळू शकते. म्हणजे संरक्षण हवं असेल तर लक्षणं खोटी, आणि लक्षणं खरी हवी असतील तर संरक्षण कमी.

उलटी चूकही होते. ५ व्होल्टच्या रेलवर (पुरवठ्याच्या लाइनवर) शॉर्ट असेल तर बरेचसे बीईसी स्वतःला बंद करून थोड्या-थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करतात. बॅटरीकडून जाणारा सरासरी करंट इतका कमी असतो की बल्ब लुकलुकतही नाही. बल्ब विझला म्हणजे सगळं ठीक, हे म्हणून पूर्ण खरं नाही.

इलेक्ट्रॉनिक स्मोक स्टॉपर

याबद्दल थोडक्यात. आत फेटचा स्विच असतो, ठरलेल्या मर्यादेपलीकडे करंट गेला की तोडतो. बऱ्याच मॉडेलवर १ आणि २ अँपिअर अशा दोन मर्यादा निवडता येतात. बल्बपेक्षा वेगवान, खिशात मावणारा, आणि मर्यादेच्या आत व्होल्टेज जवळजवळ पूर्ण देतो, म्हणून वरचं बंद-चालूचं चक्र इथे सहसा होत नाही. पण १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावलेल्या ड्रोनवर काही स्टॉपर नुसत्या भरण्याच्या झटक्यानेच तुटतात, आणि लाल दिवा कपॅसिटरमुळे लागला की शॉर्टमुळे, हे तो सांगत नाही. त्याच्याकडे हो किंवा नाही, एवढेच दोन शब्द आहेत. मैदानावर पडझड झाल्यानंतरच्या तपासणीला मात्र हाच सोयीचा. आत रिसेटेबल फ्यूज असलेले स्वस्त प्रकार टाळलेले बरे. ते तापल्यावर तुटतात, म्हणजे उशिरा.

बेंच सप्लाय

३० व्होल्ट ५ अँपिअरचा साधा सप्लाय पुरतो. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला हातात घेऊन, नॉब फिरवून बघता येतो. बल्बच्या तुलनेत खर्च कितीतरी पट आहे, हे आधीच मान्य करतो. पण त्याच्यावर मिलिअँपिअर दिसतात, आणि सगळा फरक तिथे पडतो.

लावायची पद्धत अशी. आउटपुट बंद ठेवून व्होल्टेज १६.० करा. दोन्ही लीड एकमेकांना टेकवून आउटपुट चालू करा आणि करंटचा नॉब ०.३ अँपिअरवर आणा. आउटपुट बंद करा, ड्रोन जोडा, मग चालू करा. सप्लायचं मुख्य बटण दाबताना ड्रोन जोडलेला नको, काही स्वस्त सप्लाय सुरू होताना व्होल्टेज क्षणभर वर फेकतात.

भाग एकेक करून जोडायचे आणि प्रत्येक पायरीला आकडा लिहून ठेवायचा. फोर-इन-वन ईएससी (चारही ईएससी एकाच बोर्डावर), एफ७ प्रोसेसरचा फ्लाइट कंट्रोलर आणि ईएलआरएस रेडिओ रिसीव्हर मिळून माझ्या टेबलावर १६ व्होल्टला ०.१० ते ०.२० अँपिअर दिसतात. तुमच्याकडे थोडं इकडे-तिकडे होईल. ०.०२ आणि ०.०६ च्या मध्ये आकडा ठरावीक ठेक्यात उड्या मारत असेल तर बीईसी शॉर्टवर आपटून परत येतो आहे, ५ किंवा ९ व्होल्टची रेल तपासा. बल्बला न दिसणारा दोष तो हाच. मर्यादेचा लाल दिवा लागून व्होल्टेज शून्याजवळ बसलं तर थेट बॅटरी रेलवर शॉर्ट. नेहमीच्या ०.१०-०.२० ऐवजी ०.२५ अँपिअर स्थिर आणि फ्लाइट कंट्रोलरवरची एखादी चिप बोट टेकवत नाही इतकी गरम, तर ३.३ व्होल्टच्या रेलकडे बघा.

व्हीटीएक्स जोडताना मर्यादा १.५ अँपिअर करा. अँटेना आधी लावा, तिच्याशिवाय चालू केला तर आउटपुटचा टप्पा जाऊ शकतो. एअर युनिटवर छोटा पंखा सोडा, कारण उडताना मिळणारा वारा टेबलावर नसतो आणि ते काही मिनिटांत तापून स्वतःच बंद पडतं.

मोटर सोल्डर झाल्या की धून ऐका. मोटर हाच ईएससीचा स्पीकर असतो, त्यामुळे मोटर नसताना शांतता म्हणजे बिघाड नव्हे. ब्लहेली फर्मवेअरच्या ईएससीवर आधी तीन सूर, मग सिग्नल मिळाल्यावर एक खालचा आणि एक वरचा. पहिले तीनच वाजले तर ईएससी जिवंत आहे पण फ्लाइट कंट्रोलरकडून सिग्नल पोचत नाही. मधली आठ पिनांची केबल आणि तिचा पिनांचा क्रम बघा. दोन वेगळ्या कंपन्यांचे बोर्ड जोडताना हा क्रम उलटा निघणं अगदी नेहमीचं आहे, आणि तेव्हा बॅटरीचं व्होल्टेज सिग्नलच्या पिनवर जातं. ०.३ अँपिअरची मर्यादा अशा वेळी बोर्ड वाचवू शकते, खात्री मात्र देता येत नाही.

बल्बने होऊच शकत नाहीत अशी दोन कामं इथे होतात. पहिलं, व्होल्टेजची जुळणी. सप्लाय १६.० वरून हळूहळू १४.० वर आणा. बीटाफ्लाइटमध्ये (फ्लाइट कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरमध्ये) इशारा प्रत्येक सेलला ३.५ व्होल्टवर असेल तर ४एस ला बरोबर इथे ओएसडीवर (व्हिडिओवर उमटणाऱ्या माहितीत) सूचना यायला हवी. आकड्यात फरक दिसला तर मल्टिमीटरवरून स्केल सुधारा. दुसरं, शॉर्ट नेमका कुठे आहे हे शोधणं. व्होल्टेज १.० आणि करंट १ अँपिअर ठेवून शॉर्ट रेलवर द्या आणि बोर्डवर आयसोप्रोपाइल अल्कोहोल पसरा. जिथून ते सगळ्यात आधी सुकेल तो भाग गेलेला.

तोटेही खरे आहेत. पहिला म्हणजे व्होल्टेजचा नॉब. कोपर लागून १६ चे २६ झाले तर ४एस च्या मर्यादेचा व्हीटीएक्स आणि ३५ व्होल्टच्या कपॅसिटरमागचं सगळं धोक्यात येतं. बॅटरी हे कधीच करत नाही. नॉब लॉक होणारा किंवा कमाल व्होल्टेज बांधता येणारा सप्लाय घ्या. दुसरा, सप्लायच्या आतल्या आउटपुट कपॅसिटरमध्ये साठलेली ऊर्जा मर्यादा लागू होण्याआधीच बाहेर पडते, म्हणून आउटपुट चालू असताना लीड टेकवायची नाही.

तिसरा तोटा सगळ्यात महत्त्वाचा, मोटर फिरवण्याचा. थ्रॉटल खाली आणलं की ईएससी मोटरला ब्रेक लावतो आणि तिची ऊर्जा उलटी बॅटरीकडे पाठवतो. बॅटरी ती पिऊन टाकते, सप्लायला ते जमत नाही, आणि रेलवरचं व्होल्टेज वर चढतं. म्हणून प्रॉप (मोटरवरची पाती) काढून, मर्यादा २ अँपिअर, एका वेळी एकच मोटर, बीटाफ्लाइटमधला मोटरचा स्लायडर १५ टक्क्यांच्या आत आणि खाली आणताना सावकाश. दिशा आणि क्रम तपासायला एवढं पुरतं. त्यापुढचं सगळं बॅटरीवर. सप्लाय आणि लायपो समांतर जोडण्याची युक्ती सुचवली जाते, ती करू नये. सप्लायचं व्होल्टेज जरा जास्त झालं तर लायपो बेभरवशाने चार्ज होऊ लागते.

वर्षाला एखादा ड्रोन बांधणाऱ्याने, तोही ॲनालॉग व्हीटीएक्सचा, बल्बवर भागवलं तर मी अडवणार नाही. व्हीटीएक्स २५ मिलिवॅटवर ठेवून तपासा, म्हणजे भार कमी राहील. डिजिटल एअर युनिट असेल, जुने बोर्ड दुरुस्त करायचे असतील, किंवा दोन-तीन ड्रोन हातात असतील, तर सप्लायचे पैसे पहिल्या वाचलेल्या बोर्डातच बऱ्यापैकी वसूल होतात असं मला वाटतं. फक्त सप्लाय घेतला म्हणून बल्ब फेकू नका. टेबलावरच्या चाचण्या उरकल्या की पहिल्यांदा खरी लायपो लावायची ती त्याच बल्बमधून, व्हीटीएक्सची केबल काढून. तो लकाकून विझला, चारही मोटरची धून एकदाच आणि पूर्ण वाजली, की बल्ब बाजूला काढून बॅटरी सरळ लावायला हरकत नाही.