एक एम/ई की दोन? एलईडी वॉल असेल तर

मैफलीचं थेट प्रक्षेपण करायला व्हिडिओ स्विचर (कॅमेऱ्यांमधून चित्र निवडून बाहेर पाठवणारं यंत्र) घेताना इनपुट किती हवेत ते कॅमेरे मोजले की कळतं. एम/ई (मिक्स/इफेक्ट्स, म्हणजे स्विचरमधला चित्रं मिसळून एक चित्र तयार करणारा भाग) किती हवेत, हे ठरवायला हॉलमधून एका वेळी किती वेगळी चित्रं बाहेर जाणार ते मोजावं लागतं. मी 5 वर्षं शास्त्रीय मैफली एका एम/ईवर केल्या, आता दोनवर करतो.

एकात पुष्कळ भागतं. कलाकाराच्या नावाची पट्टी डीएसकेवर (डाउनस्ट्रीम कीअर, एम/ईनंतर सगळ्यात वर चढणारा थर) ठेवा आणि हॉलमधल्या वॉलला डीएसकेच्या आधीचा क्लीन फीड, म्हणजे पट्टीविना चित्र, द्या. घरी बघणाऱ्यांना पट्टी दिसते, हॉलमध्ये दिसत नाही. गरज एवढीच असेल तर दुसऱ्या एम/ईत पैसे अडकवू नका. पॅनेलही सुटसुटीत, नवख्या मुलाच्या हाती अर्ध्या तासात देता येतं.

माझं अडलं ते पुढे. सतार-तबल्याचे सवाल-जवाब रंगले की यूट्यूबवर दोघांना दोन चौकटींत शेजारी-शेजारी दाखवायचा मोह होतोच. या चौकटी अपस्ट्रीम कीअरवर, म्हणजे एम/ईच्या आतच चढणाऱ्या थरावर, त्यामुळे क्लीन फीडमध्येही त्या येणारच. वॉल तर मंचाच्या दोन्ही बाजूंना. दोघे कलाकार समोर बसलेले असताना तिथे चौकटी काय कामाच्या? तिथे बोटं दिसायला हवीत. म्हणून वॉलला ऑक्सवरून (एम/ईला वगळून हवं ते चित्र पाठवता येणारं वेगळं आउटपुट) थेट कॅमेरा द्यायचो, आणि माझ्या स्विचरच्या ऑक्सवर फक्त कट, म्हणजे चित्र एकदम बदलणार. आलाप चाललाय, वादकाने तार ओढून लांब मींड घेतलीय, आणि 12 फुटी वॉलवर चेहऱ्यावरून एकदम डाव्या हातावर उडी! हॉलमधल्या माना तिकडे वळायच्या. एकदा मध्यंतरात पुढच्या रांगेतले एक आजोबा टेबलापाशी आले आणि म्हणाले, "अहो, तो पडदा जरा शांत ठेवता येईल का? सूर लागला की तो हलतो." स्विचर बदलायचं मी त्या रात्री ठरवलं.

आता वॉल एम/ई 2 वर असते. तीन सेकंदांचा मिक्स, म्हणजे एका चित्रातून दुसऱ्यात हळूहळू जाणं, लावतो. चेहरा विरत जातो, हात उमटतो, आणि मींड संपेपर्यंत कुणाचं लक्ष तिकडे जात नाही. वॉल नसते तेव्हा चौकटींची मांडणी एम/ई 2 वर आधीच नीट लावून ठेवतो आणि पहिल्यावर ती एखाद्या कॅमेऱ्यासारखी घेतो. एकातही हे मॅक्रोने (आधी साठवून एका बटणावर चालवायच्या आज्ञांनी) जमतं म्हणा, पण तेच कीअर ऑन एअर असताना पुढची मांडणी डोळ्यांखालून घालता येत नाही.

दोनाचा त्रासही आहे. एकाच पॅनेलवर दोन्ही चालवताना कोणता एम/ई निवडलाय ते विसरलं की कट भलतीकडे पडतो. पहिल्या महिन्यात माझ्याकडून तसं झालं. तेव्हापासून वॉलसाठी शेजारी लॅपटॉपवर सॉफ्टवेअर पॅनेल घेऊन दुसरा माणूस बसतो, म्हणजे एक मानधन वाढलं. शिवाय इनपुटही गरज नसताना वाढतात: ब्लॅकमॅजिकच्या कॉन्स्टेलेशन एचडीत एक एम/ईला 10, दोनला 20. मला 6 पुरतात.

काही स्विचरमध्ये ऑक्सवरही मिक्स मिळतो. तसा हाताशी असेल तर निम्मं दुखणं तिथेच संपेल, आधी ते तपासा. वॉलचे कार्यक्रम वर्षातून दोन-तीनच असतील तर एकाचा विकत घ्या आणि त्या दिवसांपुरता दोनाचा भाड्याने आणा. महिन्याला दोन-तीन असतील, त्यातही गाण्याबजावण्याचे, तर मी दोनाचाच घेईन.