काचेवरचा रंग आणि एक मिनिटाच्या फिल्म्स

कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाच्या संकेतस्थळावर शेकडो ॲनिमेशन लघुपट फुकट पाहता येतात. चित्रकला शिकवणाऱ्या माझ्यासारखीला हा खजिनाच आहे. भाषा इंग्रजी किंवा फ्रेंच, म्हणून वर्गात दाखवताना गोष्ट मी आधी मराठीत सांगते.

परवा सातवीच्या मुलांना कॅरोलिन लीफ यांचा 'द स्ट्रीट' (1976) दाखवला. दहाच मिनिटांचा. आजी आजारी आहे, आणि ती गेली की तिची खोली आपल्याला मिळणार म्हणून नातू वाट पाहतोय. हे सगळं काचेवर ओल्या रंगाने काढलंय. एक चित्र कॅमेऱ्यात टिपायचं, मग तेच बोटांनी पुसून-सरकवून पुढचं करायचं. मागचं चित्र कायमचं गेलं! चेहरा वितळून खोली होते, खोलीचा पुन्हा माणूस होतो. शेवटी वर्गात चिडीचूप. मग एक मुलगी म्हणाली, "बाई, मलापण आजीची खोली मिळाली." मला पुढे बोलवेना.

विद्यार्थ्यांचं काम बघायचं तर पॅरिसच्या गोबलँ या ॲनिमेशन शिकवणाऱ्या संस्थेचं यूट्यूब चॅनल. फ्रान्समधल्या आनसी ॲनिमेशन महोत्सवासाठी तिथली मुलं गटागटाने, खेळाच्या सुरुवातीला दाखवायच्या छोट्या फिल्म्स करतात, साधारण मिनिटभराच्या. संवाद जवळजवळ नाहीतच, त्यामुळे पहिलीच्या पोरांनाही चालतात. हालचालीतली सफाई थक्क करते. तरी मनात घर करतो तो लीफबाईंचा पुसलेला रंगच.

मोबाइलवर मात्र बघू नका. प्रोजेक्टर लावा, पडदे ओढा.